'तांबडी चामडी' जगभर वाजलं. पण हाऊस-टेक्नोची रेकॉर्ड निघते कशी आणि तिची मालकी कोणाकडे राहते?

२०२४ मध्ये 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्स या लेबलवर प्रसिद्ध झालं. क्रेटेक्स या नावाने काम करणारा कृणाल घोरपडे आणि गायक-रॅपर श्रेयस सागवेकर यांचं हे गाणं. क्रेटेक्सने या प्रकाराला 'एम-हाऊस', म्हणजे मराठी हाऊस, असं नाव दिलं आहे. गाणं रील्सवर पसरलं, लग्नाच्या हळदीपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत वाजलं आणि 'मराठी सातासमुद्रापार गेली' अशा बातम्याही झाल्या.

एक प्रश्न मात्र या बातम्यांमध्ये बाजूला पडला. 'लेबलने गाणं प्रसिद्ध केलं' म्हणजे नेमकं काय केलं? गाणं तर लॅपटॉपवर तयार होतं आणि इंटरनेटवर कोणीही टाकू शकतं. मग मधल्या कंपनीचं काम काय, ती त्याबदल्यात काय घेते आणि गाणं शेवटी कोणाच्या मालकीचं राहतं?

स्पिनिन हे काही भूमिगत लेबल नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१७ मध्ये वॉर्नर म्युझिकने विकत घेतली. म्हणजे 'तांबडी चामडी'चा प्रवास मोठ्या दारातून झाला. हाऊस आणि टेक्नोचा बहुतांश व्यवहार आजही छोट्या दारातून चालतो. एका खोलीत बसलेला निर्माता, दोन-तीन माणसांचं लेबल, काही शे प्रतींची तबकडी किंवा नुसती डिजिटल फाइल, असं त्याचं स्वरूप असतं. 'अंडरग्राउंड' म्हणतात ते हेच.

हे काम करायला मुंबई-पुणं लागत नाही, असं नेहमी सांगितलं जातं. मग उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडाच घेऊ. वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. माल इथे तयार होतो आणि आवाज दुसऱ्याच गावात होतो. तेरखेड्यात बसून कोणी हाऊस किंवा टेक्नोचा ट्रॅक बनवला, तर त्याचं पुढे काय काय होऊ शकतं?

'डीजे' आणि 'निर्माता' या शब्दांचा घोळ

आधी दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

आपल्याकडे 'डीजे' म्हणजे बहुतेकदा माणूस नसतोच. 'मिरवणुकीत डीजे लावला' असं आपण म्हणतो, तेव्हा ट्रॅक्टरवर किंवा टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यापुढे येते. जगभरात डीजे म्हणजे रेकॉर्ड निवडून, एकीत दुसरी मिसळून वाजवणारा माणूस. तो वाजवतो ते संगीत बहुधा इतरांनी बनवलेलं असतं.

ते बनवणारा तो प्रोड्युसर, म्हणजे निर्माता. पण मराठीत 'निर्माता' म्हटलं की सिनेमाला पैसे लावणारा माणूस आठवतो. हाऊस-टेक्नोमधला निर्माता चाल बांधतो, ताल रचतो, वाद्यांचे आवाज घडवतो, ध्वनिमुद्रण आणि मिश्रणही करतो. गायक असलाच तर तो या सगळ्यातला एक घटक.

याला कायद्याची एक गंमतशीर बाजू आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'प्रोड्युसर' म्हणजे ते मुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. मुद्रणाचा पहिला मालकही तोच. सिनेसंगीतात पुढाकार आणि पैसा कंपनीचा असतो, म्हणून मालक कंपनी ठरते. घरी स्वतःच्या लॅपटॉपवर ट्रॅक बनवणाऱ्याच्या बाबतीत पुढाकारही त्याचा आणि खर्चही त्याचा. म्हणजे ट्रॅक पूर्ण होतो त्या क्षणी तो पूर्णपणे बनवणाऱ्याचा असतो, अगदी नोंदणी न करताही. पुढे तो त्याच्या हातून कसा जातो, हा खरा विषय आहे.

शिकागो, डेट्रॉइट आणि रेकॉर्डचं महत्त्व

हाऊसचा जन्म १९८० च्या दशकात शिकागोमध्ये झाला. 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स वाजवत असे आणि त्या क्लबच्या नावावरूनच 'हाऊस' हा शब्द आला, असं बहुतेक जण मानतात. १९८४ ची जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' ही पहिली हाऊस रेकॉर्ड म्हणून सांगितली जाते. टेक्नो आलं शेजारच्या डेट्रॉइटमधून. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांची नावं त्यात पहिली येतात. मोटार कारखान्यांचं हे शहर तोवर उताराला लागलं होतं.

या मंडळींना मोठ्या कंपन्यांनी दार उघडलं नाही. म्हणून त्यांनी स्वतःची लेबलं काढली. ॲटकिन्सने १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स सुरू केलं, तर मेने त्यापाठोपाठ ट्रान्समॅट. १२ इंची तबकडी छापायची, गाडीच्या डिकीत टाकायची, दुकानात आणि डीजेंच्या हातात नेऊन द्यायची, असा तो धंदा होता. कित्येक तबकड्यांवर नावच नसे, मधोमध नुसता पांढरा कागद. त्यांना 'व्हाइट लेबल' म्हणत. तिचं गिऱ्हाईक घरी बसून ऐकणारा श्रोता नव्हता. ती डीजेसाठी होती, आणि डीजे ती शेकडो लोकांना ऐकवणार होता.

ट्रॅकची रचनासुद्धा त्यामुळेच वेगळी झाली. सुरुवातीला आणि शेवटी बराच वेळ नुसता ताल असतो. घरी ऐकणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो, पण डीजेला दोन रेकॉर्डी एकमेकींत मिसळण्यासाठी तेवढी जागा लागते. मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके असले की हाऊस. टेक्नो त्याच्या आसपास सुरू होतं आणि बरंच पुढे जातं.

हे ऐकून मराठवाड्यातल्या वाचकाला काही आठवलं तर नवल नाही. तुळजाभवानीचा गोंधळ रात्रभर चालतो, संबळाचा ठेका तासन्‌तास फिरत राहतो आणि त्यात बारीक-बारीक बदल करत वाजवणारा माणसांना जागं ठेवतो. याचा अर्थ गोंधळातून टेक्नो आलं असा नाही; असले दावे समाजमाध्यमांवर भरपूर होतात आणि त्यांना आधार नसतो. पण एकच ताल फिरवत समुदायाला गुंगवायचं तंत्र आपल्या कानाला परकं नाही, एवढं म्हणता येतं.

मुंबईतली एक तबकडी आणि २८ वर्षांची झोप

या संगीताच्या इतिहासात मुंबईचं एक पान आहे आणि ते रेकॉर्ड काढण्याच्या धंद्याबद्दल बरंच सांगून जातं.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. पडद्यामागची कित्येक गाणी त्यांच्या हातून गेली, नाव मात्र फारसं कोणाला माहीत नव्हतं. १९८२ मध्ये त्यांनी सिंगापूरहून आणलेल्या तीन जपानी यंत्रांवर एक अल्बम केला. रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. ललत, भूपाळी, तोडी, मालकंस, यमन असे दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. अल्बमचं नाव होतं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. तो ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आजच्या सारेगामाने, काढला.

तो चालला नाही. शास्त्रीयवाल्यांना तो यांत्रिक वाटला असेल आणि डिस्कोवाल्यांना त्यात गाणंच सापडलं नसेल.

टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून बनवलं होतं. त्या कामात ते फसलं आणि १९८४ मध्ये रोलँडने त्याचं उत्पादन थांबवलं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याची बटणं पिळून एक चिरका, वळवळणारा आवाज काढला. १९८७ मध्ये त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली आणि 'ॲसिड हाऊस' नावाचा प्रकार जगभर गेला.

चरणजित सिंगांनी हेच यंत्र त्याच्या पाच वर्षं आधी वापरलं होतं. त्यांना ते का भावलं, हे ऐकल्यावर कळतं. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि रागसंगीतात मींड लागते. त्यांना ॲसिड हाऊस करायचंच नव्हतं, राग वाजवायचे होते. म्हणून 'हाऊसचा शोध मुंबईत लागला' हे वाक्य कितीही आकर्षक असलं तरी खरं नाही. शिकागोच्या मुलांनी हा अल्बम ऐकला होता, असा कसलाही पुरावा नाही. दोन ठिकाणी दोन कारणांनी एकच यंत्र हाती आलं आणि आवाज जुळला.

एडो बाऊमन या डच संग्राहकाला ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात सापडली. २०१० मध्ये त्याने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या लेबलवर ती पुन्हा काढली. मग युरोपात चर्चा झाली, सत्तरीतल्या चरणजित सिंगांना मैफलींची बोलावणी आली, त्यांनी तिकडे जाऊन वाजवलंही. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मोठ्या कंपनीकडे छापखाना, वितरण, दुकानं, सगळं होतं आणि तरीही तो अल्बम कुठेच पोचला नाही. एका हौशी माणसाच्या लेबलने तो जगभर नेला. छोट्या लेबलचं मोल त्याच्या यंत्रणेत नसतं. कोणती रेकॉर्ड कोणाच्या हातात द्यायची, हे त्याला कळत असतं. लेबलचं काम काय, या सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

तबकडी तयार कशी होते?

आता तेरखेड्यातल्या काल्पनिक निर्मात्याकडे येऊ. ट्रॅक तयार आहे, लेबलला आवडला आहे. पुढे काय?

पहिली पायरी मास्टरिंग. ट्रॅकचा आवाज, खर्ज आणि तार यांचा तोल शेवटचा पक्का केला जातो. तबकडीसाठी हे वेगळं करावं लागतं, कारण खोल बेस डाव्या-उजव्या बाजूला पसरलेला असेल तर सुई उडते. म्हणून बेस मधोमध आणतात. १२ इंची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवायची असेल तर एका बाजूला दहा-बारा मिनिटांच्या पुढे नेत नाहीत. त्याहून जास्त भरलं की खाचा बारीक होतात आणि आवाज पडतो. बऱ्याच टेक्नो रेकॉर्डींवर एका बाजूला एक किंवा दोनच ट्रॅक असतात, ते यामुळे.

मग लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर खाच कोरली जाते, तिच्यावरून धातूचा साचा आणि साच्यातून विनाइलच्या प्रती. आधी काही नमुना-प्रती काढून ऐकल्या जातात. या कोरणीच्या चकत्या बनवणारे कारखाने जगात दोनच उरले होते, आणि त्यांतला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत जळाला. त्यानंतर कोव्हिड आला आणि मोठ्या गायकांनाही विनाइल हवंसं झालं. छोट्या लेबलांचा नंबर छापखान्याच्या रांगेत मागे-मागे गेला.

भारतात तर ही रांगही नव्हती. कोलकात्याजवळच्या डमडमला एकेकाळी देशाची गाणी छापली जात, पण कॅसेट आली, मग सीडी आली आणि विनाइल संपलं. पुढे कितीतरी वर्षं भारतीय लेबलला तबकडी काढायची तर युरोपात छापून आणावी लागे. २०२४ मध्ये नवी मुंबईत विनाइल छापण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला. पण त्याने गणित फारसं बदलत नाही. साचा बनवण्याचा खर्च १०० प्रतींना जेवढा, तेवढाच १,००० प्रतींना. अंडरग्राउंड रेकॉर्ड साधारण ३०० च्या आसपास निघते, म्हणून प्रत महाग पडते. भारतात टर्नटेबल असलेले डीजे थोडे, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा परदेशातच.

मग लोक तबकडी काढतात तरी कशाला? एक तर जी छापली जाते तिला कोणीतरी पैसे लावलेले असतात, म्हणजे कोणीतरी निवड केलेली असते. डीझर या फ्रेंच स्ट्रीमिंग कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली असतात. अशा पुरात 'या ३०० प्रती कोणीतरी पदरचे पैसे घालून काढल्या' ही गोष्ट खूण म्हणून उपयोगी पडते. आणि दुसरं, चरणजित सिंगांची तबकडी दिल्लीच्या दुकानात २० वर्षं पडून राहू शकली. बंद पडलेल्या वेबसाइटवरची फाइल अशी सापडत नाही.

पैसा येतो कुठून?

बहुतेकांचा मार्ग डिजिटलच असतो आणि तिथे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता स्ट्रीमिंगचा. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. 'एका वेळच्या ऐकण्याला इतके पैसे' असा दर तिथे ठरलेला नसतो. जाहिराती आणि वर्गणीतून जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा एकत्र ठेवला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, तितका पैसा त्याला मिळतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत ओतून लिटरप्रमाणे पैसे वाटावेत तसं. फक्त इथे ज्यांच्याकडे शंभर म्हशी आहेत तेही याच टाकीत ओततात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळणार नाहीत. सिनेमाच्या गाण्याला हा आकडा काहीच नाही. आठ मिनिटांच्या टेक्नो ट्रॅकला, जो मुळात क्लबमध्ये वाजण्यासाठी आहे, तो मोठा आहे. क्लबमध्ये ५०० माणसांनी तो ऐकला तरी इथे त्याची मोजणी होत नाही.

दुसरा रस्ता थेट विक्रीचा. २००४ मध्ये सुरू झालेलं बीटपोर्ट हे डीजेंचं दुकान आहे. बँडकॅम्पवर श्रोता थेट कलाकाराकडून फाइल किंवा तबकडी विकत घेतो. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं, वर पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा. म्हणजे १०० रुपयांना विकलेल्या ट्रॅकमागे ८० च्या आसपास हातात येतात. तेवढे पैसे स्ट्रीमिंगमधून मिळवायला शेकडो-हजारो ऐकणी लागतात. पण बँडकॅम्पही स्थिर नाही. २०२२ मध्ये ते एपिक गेम्सने घेतलं आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं.

लेबलमार्फत गेलं तर? छोट्या लेबलांमध्ये खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा अशी पद्धत जास्त दिसते. ऐकायला न्याय्य आहे. अडचण 'खर्च वजा जाता' या तीन शब्दांत असते. छपाई, मास्टरिंग, कव्हर, प्रसिद्धी असं सगळं त्यात बसतं आणि ३०० प्रतींच्या व्यवहारात नफा उरतोच असं नाही. म्हणून खरी कमाई रेकॉर्डमधून नसतेच. रेकॉर्ड निघाली की क्लबमधून, महोत्सवातून बोलावणं येतं आणि पैसा तिथे मिळतो. रेकॉर्ड म्हणजे एका अर्थाने महागडं व्हिजिटिंग कार्ड. ज्याला तेरखेड्याहून पुण्याला जायचंच काही तास लागतात आणि ज्याच्या जिल्ह्यात असा एकही क्लब नाही, त्याच्यासाठी हे गणित इथेच लंगडं पडतं. 'इंटरनेटमुळे गाव आणि शहर सारखं झालं' असं म्हणणारे बनवण्याबद्दल बोलत असतात. कमावण्याच्या बाबतीत ते अजून खरं नाही.

सही करण्याआधी

शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने हाऊसच्या कित्येक पायाभूत रेकॉर्डी काढल्या. 'ॲसिड ट्रॅक्स'ही तिथलीच. जुन्या रेकॉर्डी वितळवून त्याच विनाइलवर नव्या छापतात, अशी तिची ख्याती होती. पण खरी तक्रार वेगळी होती. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोन नामवंतांनी २०२० मध्ये या लेबलवर खटला भरला. आपलं संगीत दशकानुदशकं विकलं गेलं, पण मानधन मिळालंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि हर्डच्या 'कॅन यू फील इट'सह त्यांच्या रचनांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. मधे साडेतीन दशकं गेली.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाने मोठ्या कंपन्यांना कायम लांब ठेवलं, चेहरेही झाकले. १९९९ मध्ये त्यांच्याकडच्या डीजे रोलांडोचा 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' हा ट्रॅक गाजला. परवानगी मिळत नाही म्हटल्यावर सोनीच्या जर्मनीतल्या शाखेने त्याची स्वराला स्वर जुळणारी नक्कल काढली. जगभरच्या चाहत्यांनी निषेधाचा इतका मारा केला की सोनीला माघार घ्यावी लागली. इथे हक्क हातात होते, म्हणून 'नाही' म्हणता आलं.

भारतातल्या निर्मात्यासाठी कायद्यातल्या काही तरतुदी कामाच्या आहेत. हक्क पूर्ण सोडून देणं आणि ठरावीक काळासाठी वापरायला देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेत विकणं आणि बटईने देणं यात जेवढा फरक, तेवढाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एक वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, ते परत येतात. 'ट्रॅक घेतला, पण दोन वर्षं काढलाच नाही' ही छोट्या लेबलांबद्दलची नेहमीची तक्रार असते; तिला हे उत्तर आहे.

पण यात मेख आहे. लेबल परदेशी असेल तर करारात 'वाद अमुक देशाच्या कायद्याप्रमाणे' असं वाक्य बहुधा असतं, आणि मग कलम १९ चा आधार सहज मिळत नाही. '६० वर्षं', 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात' हे शब्द करारात शोधायला हवेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. विशीत केलेली सही ऐंशीपर्यंत पुरते.

पेन ड्राइव्हवरचं भूमिगत

मराठवाड्यात अंडरग्राउंड निर्माते आधीपासून आहेत, फक्त त्यांना कोणी तसं म्हणत नाही. मिरवणुकीत वाजणारे रिमिक्स कोणीतरी बनवतं. सिनेमातलं किंवा भीमगीतांतलं, देवीच्या गाण्यांतलं मूळ गाणं घ्यायचं, त्याखाली जड ठेका घालायचा, मधे हॉर्न आणि सायरन, आणि दर मिनिटाला एका भारदस्त आवाजात 'डीजे अमुक-तमुक'चं नाव. हे ट्रॅक पेन ड्राइव्हवरून, यूट्यूबवरून, टेलिग्रामवरून एका साउंडवाल्याकडून दुसऱ्याकडे जातात. डेट्रॉइटच्या डिकीतल्या व्हाइट लेबलसारखाच हा व्यवहार आहे, फरक उलटा. तिथे तबकडीवर नावच नसे. इथे नावाशिवाय हातात दुसरं काहीच नसतं, कारण मूळ गाणं आपलं नाही. कोणीही ते नाव कापून आपलं टाकू शकतो, म्हणून तर ते दर मिनिटाला घुसवावं लागतं.

कायद्याच्या नजरेत असा रिमिक्स विकता येत नाही. त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या हक्कदारांची, दोघांची परवानगी लागते. लग्नाच्या वरातीत वाजवण्याबद्दल कायद्यात सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती. आणि तिची हद्द कुठवर यावरही वाद आहे. केंद्राच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये लग्नसमारंभात संगीत वाजवायला परवाना लागत नाही, असं स्पष्टीकरण दिलं. त्याच धर्तीवरचं गोवा सरकारचं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं.

या मंडळींकडे कौशल्य भरपूर असतं. उघड्या मैदानात, डिझेल जनरेटरच्या घरघरीत कोणता बेस टिकतो हे त्यांना जेवढं कळतं, तेवढं पुस्तकातून कळणार नाही. पण त्यांनी बनवलेलं काहीही त्यांच्या नावावर जमा होत नाही. मूळ गाणं काढून टाकून त्याजागी स्वतः मुद्रित केलेली हलगी, संबळ किंवा ओळखीतल्या गायिकेचा आवाज घातला, तर तोच ट्रॅक डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळीकडे जाऊ शकतो. त्याला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. चाल आणि शब्द स्वतःचे असतील तर आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घेऊन त्यांचं मानधन वेगळं मिळवता येतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या मानधनातला गीतकार-संगीतकाराचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही.

तेव्हा प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. पारंपरिक ठेक्यावर कोणाची मालकी नाही. पण तो वाजवणाऱ्या माणसाचे सादरकर्ता म्हणून हक्क आहेत. कायद्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी आणि गारुडीसुद्धा येतात, आणि हे हक्क ५० वर्षं टिकतात. यात्रेत मोबाइलवर टिपलेला संबळ ट्रॅकमध्ये घालायचा, तर तो वाजवणाऱ्या गोंधळ्याला विचारावं लागतं, त्याच्याशी कागद करावा लागतो आणि व्यावसायिक वापर झाला तर त्याला मानधन द्यावं लागतं. डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात कलाकारांच्या नावांसाठी रकाने असतात: मुख्य कलाकार, निर्माता, संगीतकार, वादक. शेवटचा रकाना भरणं सक्तीचं नसतं.